हेमाडपंताचे राक्षस

लंकेचा राजा विभीषण आजारी पडला. लंकेतले वैद्य थकले, दुखणं काही हटेना. तेव्हा देवगिरीच्या राजाच्या पदरी असलेल्या हेमाडपंताला बोलावणं गेलं. हेमाडपंत लंकेला गेला, त्याच्या औषधाला गुण आला आणि विभीषण उठून बसला. राजा म्हणाला, हवं ते माग. हेमाडपंतानं सोनं मागितलं नाही, राज्य मागितलं नाही. त्यानं विभीषणाचे राक्षस मागितले. ते राक्षस घेऊन तो परत आला आणि साऱ्या मुलखात त्यांच्याकडून काळ्या दगडाची देवळं नि बारवा बांधून घेतल्या. चुना नाही, माती नाही, नुसता दगडावर दगड. एकेक देऊळ एकेका रात्रीत. कोंबडा आरवला की राक्षस हातातलं काम टाकून निघून जात, म्हणून काही देवळं अर्धीच राहिली. येताना हेमाडपंतानं लंकेहून मोडी लिपीही आणली, आणि बाजरीसुद्धा.

नाशिक-खानदेशापासून वऱ्हाड-नागपूरपर्यंत ही गोष्ट कमी-अधिक फरकानं सांगितली जाते. कुठे हेमाडपंत वैद्य असतो, कुठे मंत्री, तर कुठे तो स्वतःच राक्षस होऊन बसतो. इंग्रज अमदानीत गॅझेटियर लिहिणाऱ्या अधिकाऱ्यांनी गावोगाव विचारलं, तेव्हा त्यांना हीच गोष्ट ऐकायला मिळाली आणि त्यांनी ती नोंदवून ठेवली. नागपूरजवळच्या आमच्या हिंगण्याकडेही शेताच्या बांधावर एखादा कोरीव दगड सापडला, की जुनं माणूस बोलून जातं, ‘राक्षसाईनं एका रातीत बांधलं होतं जी.’ मला ही गोष्ट मनापासून आवडते. पण कित्येक शतकं आपण चुकीच्या हातांना श्रेय देत आलो आहोत, असंही मला वाटतं. ते हात कुणाचे होते आणि त्यांच्या जागी राक्षस कसे आले, हा खरा इतिहासाचा विषय आहे.

माणसानं असुरांच्या राजाची सेवा करावी आणि त्या बदल्यात अमानुष बळ मिळवावं, ही कल्पना जगभर आहे. मायसिनीच्या किल्ल्याचे प्रचंड दगड पाहून ग्रीकांनी ठरवलं, की हे एकडोळ्या सायक्लोप्सांचंच काम. इराणात पर्सेपोलिसच्या अवशेषांना लोक तख्त-ए-जमशेद म्हणतात, आणि शाहनाम्यातला जमशेद राजा देवांकडून, म्हणजे तिकडच्या दैत्यांकडून, भिंती बांधून घेतो. सुलेमानाच्या हुकमात जिन्न राबत. युरोपात तर सैतानानं बांधलेले पूल ठिकठिकाणी दाखवतात. स्वित्झर्लंडमध्ये गॉटहार्डच्या वाटेवर शॉलेनन घळीत असा एक पूल आहे. पूल बांधून देतो, पण त्यावरून जो पहिला जाईल त्याचा जीव माझा, अशी सैतानाची अट होती. गावकऱ्यांनी पुलावर बोकड सोडला.

आपल्या गोष्टीत अशी अट नाही. कुणाचा जीव गहाण पडत नाही, रक्त सांडत नाही, कुणी फसवलं जात नाही. विभीषण रामाचा भक्त आणि सात चिरंजीवांपैकी एक, त्यामुळे तेराव्या शतकातही तो लंकेच्या गादीवर असणं ऐकणाऱ्याला खटकत नाही. हेमाडपंत त्याची सेवा करतो ती वैद्य म्हणून, आणि राक्षस मिळतात ती त्या सेवेची बिदागी. मराठी माणसानं असुरांशी केलेला व्यवहारसुद्धा सरळ, देण्याघेण्याचा ठेवला, ही मला या गोष्टीतली सगळ्यात सुंदर जागा वाटते. अघोरी साधना करून शक्ती मिळवणारे कापालिक आपल्याकडे होते, वेताळ वश करू पाहणारे होते. विदर्भातल्याच पद्मपूरच्या भवभूतीनं आठव्या शतकात ‘मालतीमाधव’ लिहिलं, त्याचा नायक स्मशानात जाऊन पिशाचांना नरमांस देऊ करतो. ती परंपरा भयाची आहे. हेमाडपंताची गोष्ट त्या वाटेनं गेली नाही.

आता गोष्टीतला माणूस बाजूला ठेवून इतिहासातला माणूस पाहू.

इतिहासातला हेमाडपंत म्हणजे हेमाद्री, वत्स गोत्रातला ब्राह्मण. बापाचं नाव कामदेव, आजा वासुदेव, पणजा वामन. देवगिरीच्या यादवांच्या दरबारात महादेव राजाच्या कारकिर्दीत, म्हणजे १२६० नंतरच्या दशकात, तो पुढे आला. १२७१ मध्ये महादेवाच्या मुलाला, आमणाला, बाजूला सारून रामचंद्र गादीवर आला, तरी हेमाद्रीचं स्थान ढळलं नाही. त्याचा हुद्दा श्रीकरणाधिपाचा. राज्याचे सगळे लेख, हिशेब, सनदा ज्याच्या कचेरीतून जातात असा तो अधिकारी. रामचंद्राच्या काळातल्या ठाण्याच्या १२७२ च्या ताम्रपटात त्याच्याबद्दल तीन गोष्टी कळतात. सगळ्या करणांचा, म्हणजे दप्तरखान्याचा, कारभार त्याच्याकडे होता. हत्तींच्या माहुतांचाही तो प्रमुख होता. आणि त्यानं झाडीमंडळ जिंकलं होतं. झाडीमंडळ म्हणजे आपला पूर्व विदर्भ, भंडारा-गोंदिया-चंद्रपूरकडचा जंगलमुलूख. झाडीपट्टी हे नाव तिकडे आजही चालतं. म्हणजे देवगिरीचा हा मंत्री आमच्या भागाला नुसता ऐकून माहीत नव्हता, त्याचं सैन्य इकडे येऊन गेलं होतं.

तो लिहीतही होता, आणि थोडंथोडकं नव्हे. ‘चतुर्वर्गचिंतामणि’ हा त्याचा ग्रंथ म्हणजे व्रतं, दानं, तीर्थं, श्राद्धं, प्रायश्चित्तं यांचा महासागर. त्यातल्या व्रतखंडाच्या सुरुवातीला यादव राजांची वंशावळ आहे, तिच्यावाचून यादवांचा इतिहास आज आपल्याला नीट जुळवता आला नसता. वाग्भटाच्या ‘अष्टांगहृदया’वर त्यानं ‘आयुर्वेदरसायन’ नावाची टीका लिहिली. त्याच्या आश्रयाला असलेला बोपदेव हा विदर्भातला, वरदेच्या म्हणजे वर्धा नदीच्या काठचा, आणि बोपदेवाचा बाप केशव हा वैद्य. हेमाद्रीच्या भोवती वैद्यकाचं बोलणं घरचंच होतं.

हे सगळं समोर ठेवून पुन्हा ती दंतकथा वाचावी. हेमाडपंत वैद्य होता, असं लोक म्हणतात. त्यानं वैद्यकावर ग्रंथ लिहिला होता. त्यानं मोडी आणली, असं म्हणतात. राज्याचं सगळं लिखाण त्याच्या कचेरीत होत होतं, आणि दप्तराची शिस्त लावणारा ‘मेस्तक’ त्याच्याच नावावर सांगतात. प्रचंड ताकदीचे जीव त्याच्या हुकमात होते, असं म्हणतात. राज्यातले हत्ती खरोखरच त्याच्या हुकमात होते. तो दूरदेशी जाऊन आला, असं म्हणतात. झाडीमंडळाच्या स्वारीचा पुरावा ताम्रपटातच आहे. माणसं पिढ्यान्‌पिढ्या बोलत राहिली, तारखा गळाल्या, तपशील एकमेकांत मिसळले, पण गाभ्यातलं फारसं काही हरवलं नाही. हत्तींवरून राक्षस सुचले असतील, हा माझा तर्क आहे, त्याला कागदाचा आधार नाही. पण उतरणीवरून दोन-दोन टनांचे दगड ओढणारे हत्ती ज्यानं लहानपणी पाहिले, त्यानं म्हातारपणी नातवंडांना ते कसे सांगितले असतील, याची कल्पना करायला हरकत नसावी.

बाजरीचं मात्र खरं नाही. बाजरी या देशात हेमाद्रीच्या कित्येक शतकं आधीपासून पिकते आहे.

आणि देवळांचं? तेही खरं नाही, निदान लोक सांगतात तसं नाही. अंबरनाथचं शिवालय घ्या. त्याच्यावर शके ९८२ चा, म्हणजे १०६० चा शिलालेख आहे. ते बांधलं शिलाहारांनी. हेमाद्री कारभारावर आला तेव्हा त्या देवळाला दोनशे वर्षं होऊन गेली होती. कृष्णेकाठचं खिद्रापूरचं कोपेश्वर शिलाहारांच्याच काळातलं, आणि हेमाद्रीच्या दोन पिढ्या आधीच्या सिंघण यादवाचा लेख तिथे आहे. आमच्या रामटेकला जा. टेकडीवरच्या नरसिंहाच्या देवळांत वाकाटकांच्या काळातला, पाचव्या शतकातला दगड उभा आहे, आणि त्याच टेकडीवर लक्ष्मणाच्या देवळात रामचंद्र यादवाच्या काळातला शिलालेख आहे. मधे आठशे वर्षं. जाणारा-येणारा भाविक सगळ्याला मिळून ‘हेमाडपंती’ म्हणतो. चुन्याशिवाय बांधलेलं काळं देऊळ दिसलं की हेमाडपंती, एवढाच निकष. शिलाहार, चालुक्य, परमार, यादव, त्यांचे मांडलिक, सरदार, व्यापारी, गावचे महाजन, सगळ्यांचं बांधकाम एका मंत्र्याच्या खात्यावर जमा झालं.

हेमाद्रीचं नाव मंदिराच्या संदर्भात दगडावर सापडतं ते कसं, तेही पाहण्यासारखं आहे. पंढरपूरच्या विठ्ठल मंदिरात चौऱ्यांशीचा शिलालेख आहे. शके ११९५ ते ११९९, म्हणजे १२७३ ते १२७७ या काळात मंदिराच्या कामासाठी ज्यांनी ज्यांनी देणग्या दिल्या त्यांची ती यादी. तिला पाठ घासली की चौऱ्यांशी लक्ष योनींचा फेरा चुकतो अशी समजूत, त्यामुळे वारकऱ्यांच्या पाठींनी अक्षरं झिजून गेली आहेत. त्या यादीत राजा रामचंद्राचं नाव आहे, हेमाद्री पंडिताचं आहे, आणि त्यांच्या मागेपुढे साध्या लोकांची नावं आहेत, ज्यांनी आपापल्या ऐपतीप्रमाणे नाणी दिली. मंदिर असं उभं राहतं. वर्षानुवर्षं पैसे गोळा होतात, कुणी मोठी रक्कम देतं, कुणी छोटी, आणि काम पुढे सरकतं. विभीषणानं दिलेले राक्षस त्या यादीत कुठेच नाहीत.

मग दगड कुणी उचलले? या प्रश्नाशी जरा थांबायला हवं, कारण लोकांना पडलेला प्रश्न खोटा नव्हता. हिंगण्याच्या एमआयडीसीत जड यंत्र हलवायचं तर हायड्रा क्रेन बोलावतात. आठ फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट जाड अशी काळ्या दगडाची एक तुळई मोजली तर तिचं वजन दीड टनाच्या आसपास भरतं. एका मध्यम मंडपात अशा कित्येक तुळया असतात, आणि त्या माणसाच्या डोक्याच्या वर चढवलेल्या असतात. ज्या गावात घरं मातीची आणि वासे सागाचे, त्या गावाला हे काम माणसाचं वाटू नये, यात नवल नाही.

पण देऊळ स्वतःच सांगतं, की ते माणसांनी बांधलं आहे. मंडपात शिरलं की पहिली गोष्ट डोळ्यांत भरते ती खांबांची दाटी. दगड दाब भरपूर सोसतो, वाकणं सोसत नाही. लांब तुळई मधेच तडकते. म्हणून पाथरवटानं खांब जवळ जवळ उभे केले, तुळया आखूड ठेवल्या. वर छत घालताना चौकोनाच्या चार कोपऱ्यांवर चार तिरके दगड टाकले, त्यामुळे मधली मोकळी जागा लहान झाली आणि चौकोन फिरला. त्यावर पुन्हा चार कोपरे, पुन्हा जागा लहान. असं करत करत वर फक्त एका शिळेपुरतं भोक उरलं, ते कमळ कोरलेल्या शिळेनं झाकलं. हे गणित आहे, आणि प्रत्येक पायरीवर दगडाच्या मर्यादेचा मान राखलेलं गणित आहे. अमर्याद बळ असणाऱ्याला असला हिशेब करावा लागत नाही. राक्षसांनी वीस हात लांबीची एकच शिळा टाकून मोकळं व्हायला हवं होतं.

चुना का नाही, याचंही उत्तर तिथेच आहे. एका दगडाला खुंटी, दुसऱ्याला खाच, एकाला चर, दुसऱ्याला कड. वरच्या दगडाचं ओझं खालच्याला जागेवर धरून ठेवतं. सांधे इतके घट्ट घासलेले की चुन्याला शिरायला जागा नको. खाणीत दगड फोडायचा तो भोकांची रांग पाडून, तिच्यात पाचरी ठोकून. वर चढवायचा तो मातीची उतरण घालून, लाकडी रुळांवरून, दोर आणि पहारींनी, बैलांच्या नि हत्तींच्या बळावर. भिंत चढेल तशी माती चढते, शिखर झालं की माती काढून नेतात. हे काम एका रात्रीत होत नाही. बाप सुरू करतो आणि मुलगा कळस पाहतो.

आणि या पाचरी-पहारींना लागणारं लोखंड? ते या मातीला नवं नव्हतं. हिंगणा तालुक्यातल्या टाकळघाटला आणि जवळच्या खापा इथे १९६८-६९ मध्ये नागपूर विद्यापीठानं शां. भा. देव यांच्या नेतृत्वाखाली उत्खनन केलं. मोठमोठे दगड वर्तुळात मांडलेली ती दफनं अडीच हजार वर्षांहून जुनी आहेत, आणि त्यांच्यात लोखंडाच्या वस्तू मिळाल्या. नागपूरजवळ जुनापाणीला, माहुरझरीला तशीच शिळावर्तुळं आहेत. पारशिवनीकडच्या नैकुंडला तर लोखंड गाळायची भट्टीच सापडली. यादवांच्या दीड-दोन हजार वर्षं आधी या भागातली माणसं लोखंड गाळत होती, अवजारं घडवत होती आणि अजस्र दगड हलवून वर्तुळात मांडत होती. ज्या गावाखाली हे सगळं पुरलेलं आहे, त्या गावानं देवळाच्या दगडासाठी लंकेकडे पाहिलं. याचं मला वाईट वाटतं, पण नवल वाटत नाही, कारण मधे काय झालं ते आपल्याला माहीत आहे.

१२९६ मध्ये अल्लाउद्दीन खिलजी उत्तरेतल्या कडा इथून निघाला आणि एलिचपूरमार्गे, म्हणजे आमच्या अचलपुरावरून, देवगिरीवर येऊन धडकला. रामचंद्रानं अफाट खंडणी देऊन राज्य वाचवलं. १३०७ मध्ये त्याचा सेनापती मलिक काफूर आला, रामचंद्राला दिल्लीला घेऊन गेला, तिथून तो मांडलिक होऊन परतला. त्याच्यानंतर त्याचा मुलगा शंकरदेव मारला गेला. रामचंद्राचा जावई हरपाळदेव यानं बंड केलं, ते १३१८ मध्ये मोडलं आणि यादवांचं घराणं संपलं. हेमाद्रीचं शेवटी काय झालं याबद्दल परंपरा वेगवेगळं बोलतात. महानुभाव परंपरा तर आपले संस्थापक चक्रधरस्वामी यांच्या छळाचा दोष त्याच्या माथी ठेवते, आणि ज्यांनी ऋद्धिपूरला बसून मराठी गद्याची पहिली थोर पुस्तकं रचली त्यांच्या आठवणींना मी हलकं मानत नाही. ज्याला गावकऱ्यांनी देवळं बांधणारा महापुरुष केलं, त्याच माणसाकडे त्याच काळातला एक पंथ छळणारा म्हणून बघत होता, हे दोन्ही ध्यानात ठेवलेलं बरं.

राजघराणं गेलं तसा आश्रय गेला. मोठं देऊळ बांधायला पैसा लागतो, जमीन लागते, दहा-वीस वर्षांची शांतता लागते. तिन्ही एकदम नाहीशी झाली. दगड कोरणारे हात नाहीसे झाले नाहीत. ते किल्ल्यांच्या तटांवर गेले, मशिदी-मकबऱ्यांवर गेले, विहिरी बांधू लागले, नाहीतर गावोगाव जाती-पाटे घडवू लागले. पण खांब-तुळई-छताची ती विद्या, छोट्या शिखरांच्या रांगांनी चढत जाणाऱ्या भूमिज शिखराचं ते मोजमाप, बापाकडून मुलाकडे जायचं थांबलं. विद्या लिहिलेली असली तर पोथीत टिकते. पाथरवटाची विद्या हातात असते, आणि हाताला काम नसलं की दोन पिढ्यांत संपते. पुढे मराठ्यांच्या अमदानीत पुन्हा देवळं उठली, नागपूरच्या भोसल्यांनीही बांधली आणि रामटेकचा जीर्णोद्धार केला. पण ती बरीचशी चुन्याची, विटांची, कमानींची. यादवकाळासारखं देऊळ पुन्हा बांधायचं तर कसं, हे सांगणारं कुणी उरलं नव्हतं.

राक्षस आला तो या रिकाम्या जागेत. पाचशे वर्षं गावाच्या कडेला एक अशी वस्तू उभी होती, जिच्यासारखी दुसरी बनवणारा माणूस गावानं कधी पाहिला नव्हता. लोकांनी अंदाज केला, तो समोर दिसत होतं त्यावरून केला. मला वाटतं, त्याचा एक पुरावा खुद्द देवळातच आहे. यादवकालीन मंडपातला कुठलाही खांब खालून वर बघत जा. खाली चौरस बैठक, मग अष्टकोन, मग गोल कडी, आणि सगळ्यात वर, तुळईच्या खाली, कीचक. गुडघे दुमडलेले, पोट सुटलेलं, डोळे वटारलेले, दात दिसणारे, हात वर करून छत तोलणारे ते ठेंगू भारवाहक. एकेका खांबावर चार-चार कीचक, आणि एका मंडपात त्यांची पलटण. अंधाऱ्या मंडपात समईच्या उजेडात पोरगं वर बघतं तेव्हा त्याला दिसतं ते हेच, की राक्षसांनी छत उचलून धरलं आहे. गाभाऱ्याच्या उंबरठ्यावर कीर्तिमुख आहे, जबडा पसरलेलं. शिवाच्या आज्ञेनं स्वतःचंच अंग खाऊन टाकणारा तो गण, आणि त्याला ओलांडल्याशिवाय आत जाता येत नाही. देवाच्या सेवेला लावलेले असुर दगडातच कोरलेले होते. गावानं ते पाहिले आणि त्यांना हेमाडपंताचे मजूर ठरवलं. पाथरवटानं आपल्या ओझ्याचं चित्र कीचकाच्या रूपानं काढलं, आणि लोकांनी ते चित्र पाहून पाथरवटालाच विसरावं, हे मला फार लागतं.

मराठीत नेहमी असंच झालं असंही नाही. वेरूळच्या कैलास लेण्याची एक कथा कृष्ण याज्ञवल्कीच्या ‘कथाकल्पतरू’त आली आहे. राणीनं नवस केला, की देवळाचा कळस पाहीन तेव्हाच जेवीन. भलेभले कारागीर हात टेकून बसले, तेव्हा पैठणचा कोकास पुढे आला आणि त्यानं वरून खाली कोरायला सुरुवात केली. कळस आधी दिसला, राणीचं व्रत सुटलं. या कथेत चमत्कार नाही, युक्ती आहे, आणि युक्तीला माणसाचं नाव आहे. कैलास खरोखरच वरून खाली खोदलेला आहे. म्हणजे कारागिराची युक्ती ओळखून ती गोष्टीत जपायची रीत आपल्याकडे होती. हेमाडपंती देवळांच्या वाट्याला तो कोकास आला नाही. तिथे मंत्र्याचं नाव राहिलं आणि मजुरांचे राक्षस झाले.

हा गुंता अभ्यासकांनी हळूहळू सोडवला. दंतकथेतला हेमाडपंत म्हणजेच ग्रंथकार हेमाद्री, हे रामकृष्ण गोपाळ भांडारकरांनी १८८४ च्या आपल्या दख्खनच्या इतिहासात साधार मांडलं. हेन्‍री कझन्सनं १८९७ मध्ये मध्य प्रांत नि वऱ्हाडातल्या पुरातन अवशेषांची यादी केली आणि १९३१ मध्ये दख्खनच्या मध्ययुगीन देवळांवर मोठं पुस्तक काढलं. गो. बं. देगलूरकरांचा महाराष्ट्राच्या मंदिर-स्थापत्यावरचा ग्रंथ १९७४ मध्ये नागपूर विद्यापीठानंच प्रसिद्ध केला. अभ्यासक आता ‘हेमाडपंती’ म्हणणं टाळतात आणि यादवकालीन, शिलाहारकालीन, भूमिज असे नेमके शब्द वापरतात. गावातल्या फलकावर मात्र अजून हेमाडपंतीच लिहिलेलं असतं. त्याची मला तक्रार नाही. गोष्ट जगू द्यावी.

मला काळजी आहे ती दुसऱ्या कामाची. गावोगाव जीर्णोद्धाराच्या उत्साहात ही देवळं ऑइल पेंटनं रंगवली जात आहेत, खांबांना टाइल्स लागत आहेत, सांध्यांत सिमेंट भरलं जात आहे. श्रद्धेनं होतं, वर्गणी काढून होतं, पंढरपूरच्या त्या यादीतल्या लोकांइतक्याच भल्या मनानं होतं. पण सिमेंटनं पाणी आत अडतं आणि दगड पोखरला जातो. रंगाखाली टाकीचे घाव दिसेनासे होतात. कोणत्या कोनात छिन्नी धरली होती, खुंटी कशी बसवली होती, कुठे हात चुकला आणि कुठे दुरुस्त केला, हे त्या घावांतच लिहिलेलं आहे. कोरणाऱ्यांनी आपली नावं क्वचितच सोडली, त्यामुळे त्यांच्याबद्दल जे काही कळायचं ते तिथूनच कळणार. हिंगण्याच्या आसपास पाटे-वरवंट्यांना टाकी लावणारी, दगडकामावर पोट असणारी पाथरवटांची नि वडारांची घरं अजून आहेत. अशा देवळाची दुरुस्ती निघाली तर कंत्राटदाराच्या आधी त्यांच्यातल्या एखाद्या जाणत्याला नेऊन तो सांधा दाखवावा, आणि पुरातत्त्व खात्याच्या माणसाला बोलावून त्या दोघांना एकमेकांशी बोलू द्यावं.